अंधार जमवून देणाऱ्यांचे आभार

खोल समुद्राचे दालन उभारताना आम्हांला सर्वाधिक सतावले ते अंधाराने. कारण १००० मीटरखाली सूर्यप्रकाश पोहोचतच नाही आणि आमच्या दालनात मात्र दाराच्या फटींतून, प्रोजेक्टरच्या मागून उजेड झिरपत राहिला. दोन रात्री गुडघ्यांवर रांगत फटीफटींत काळ्या मखमलीच्या पट्ट्या ठोकणाऱ्या सुतारांचे, तसेच पाण्यात तांबडा प्रकाश लवकर शोषला जात असल्याने तेथील लाल कोळंबी काळी दिसते, हे निळ्या दिव्याखाली लाल कापडाचा तुकडा धरून दाखवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत. (तोवर आमच्या चित्रांतली कोळंबी लालभडकच होती.) रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांनी पाजलेल्या चहाचा उल्लेख न करणे हा कृतघ्नपणा ठरेल.