विदर्भाच्या तिकिटासाठी दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
स. न. वि. वि.

मागच्या वर्षी आमच्या गावच्या यात्रेत टपाल खात्याचे एक साहेब आले होते. पुढच्या यात्रेला देवळाचे चित्र कोरलेला खास शिक्का मिळेल, असे त्यांनी माइकवरून जाहीर केले. आम्ही टाळ्या वाजवल्या. यंदाची यात्रा झाली, शिक्का आला नाही. वाचनालयाच्या अंकाची पाकिटे घेऊन तालुक्याच्या पोस्टात गेलो, निदान चित्राचे एखादे तिकीट द्या म्हणालो. "तिकिटं नाहीत जी गुरुजी, लेबल काढून देतो." वजन, पैसे आणि बारकोड छापलेली पांढरी पट्टी पाकिटावर चिकटली.

तुकडोजी महाराजांचे तिकीट १९९५ साली निघाले, गाडगेबाबांचे १९९८ साली. पण अशी विशेष तिकिटे एकदाच छापतात आणि ती संग्राहकांच्या अल्बमात जातात. बाबांनी ज्या गावांत खराटा चालवला, तिथल्या पाकिटांवर ती दिसत नाहीत. आम्हाला रोजच्या वापराची, वर्षानुवर्षे छापली जाणारी तिकिटे हवीत. ब्रिटनने १९५८ पासून स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडला त्यांच्या खुणांची तिकिटे दिली. मग लोणार, मार्कंडा, मेळघाट, भंडाऱ्याचा कोसा, झाडीपट्टीचे नाटक यांना आपल्याकडे जागा का नाही? छापखाना तर नाशिकलाच आहे!

गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, तेव्हा त्यांची पत्रे बुलडाण्याच्या शेगावला जाऊ लागली. म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. टपालासाठी विदर्भातल्या गावाने नाव बदलले, आणि तुमच्या खात्याला आमच्यासाठी एक शिक्का जड झाला.

माझ्या धाकट्याचे मुलाखतीचे पत्र मुलाखत होऊन गेल्यावर आले. तो आज पुण्यात एका गोदामात रात्रपाळी करतो. त्याची आई अजूनही ते पाकीट काढून उजेडात धरते, शिक्क्यावरची तारीख वाचू पाहते. शाई इतकी फुटलेली आहे की उशीर कुठे झाला तेही सांगता येत नाही. तक्रार केली. विचारायला कोणी आले नाही, तक्रार मात्र 'निकाली' निघाली.

२०२५ साली तुम्ही रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात घालून टाकले. कोर्टाची नोटीस, बँकेचा कागद, वावराच्या फेरफाराची तक्रार, खेड्यातला माणूस सगळे रजिस्टरने पाठवायचा. देशातली दहापैकी नऊ पोस्टे खेड्यांत आहेत, पण खेड्याला विचारले कोणी? विदर्भाला महाराष्ट्रात घेताना न्याय्य वाट्याचे वचन देणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारापासून आम्ही हेच बघतो आहोत. अधिवेशन नागपुरात भरते, निर्णय मुंबई-दिल्लीत होतात. कापूस जातो, कोळसा जातो, वीज जाते, संत्री जातात, शिकलेली पोरे जातात. विकासाचा अनुशेष तेवढा इथे राहतो. वर्षातून एकदा मोर्चे निघतात, निवेदने घेतली जातात, त्यांचे पुढे काय होते ते निवेदन देणाऱ्याला कधीच कळत नाही.

यात्रेचा शिक्का कधी देणार, ती तारीख लेखी कळवा. विदर्भाच्या तिकिटांचा प्रस्ताव तुमच्या खात्याच्या तिकीट सल्लागार समितीपुढे ठेवणार की नाही, तेही कळवा. आणि माझ्या मुलाच्या तक्रारीची फाइल पुन्हा उघडा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जि. अमरावती