काकू, त्या दोन सारख्या पेल्यांबद्दल

प्रिय काकू,

सादर नमस्कार.

तुमची बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार आणि महिनाअखेरीस पाळणाघर बंद होणार, हे तुम्ही परवा दारातच सांगितलंत. मी नुसतं "बरं" म्हणून मुलांना घेऊन निघाले. बोलायचं खूप होतं, पण दोघांच्या चपला, दप्तर, डबे गोळा करण्यात ते राहून गेलं. म्हणून हे पत्र. आणि उघडच लिहितेय. मुलुंडातच काय, अख्ख्या मुंबईत संध्याकाळी सात वाजता धावतपळत पाळणाघराच्या पायऱ्या चढणाऱ्या दोन मुलांच्या आया कितीतरी असतील. तुम्ही मला जे दाखवलंत, ते त्यांच्याही कानावर जावं.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना होता. थोरलीला नुकतीच सहा वर्षं पूर्ण झाली होती, धाकटा अडीच वर्षांचा. फोर्टातलं ऑफिस सुटलं की सीएसएमटीहून लोकलमध्ये उभ्याने मुलुंड गाठायचं आणि तशीच तुमच्याकडे यायचं, हा माझा रोजचा क्रम. त्या दिवशी तुम्ही कोकम सरबत केलं होतं. मुलांना मीच ओतून दिलं. हाताला लागली ती भांडी घेतली, एक उभा स्टीलचा पेला आणि एक पसरट फुलपात्र. मापात काही डावं-उजवं केलं नव्हतं, दोघांना एकेक वाटी मोजून घातलं होतं. पेला थोरलीपुढे गेला, फुलपात्र धाकट्यापुढे. त्याने पेल्याकडे बोट दाखवून भोकाड पसरलं. मी दमलेली. म्हटलं, "अगं, मोठी आहेस ना तू? दे त्याला तुझा पेला." तिने एक शब्द न बोलता पेला सरकवला. किती शहाणी पोर, असं वाटून मला बरंही वाटलं.

तुम्ही ते पाहत होतात. मुलं चपला घालेपर्यंत मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणालात, "अगं, उंच पेल्यात जास्त आहे असं तिलाही वाटतंय. तिने समजून नाही दिला. जास्तीचं होतं ते सोडून दिलं."

मला ते पटलं नव्हतं. सहा वर्षांची मुलगी, शंभरपर्यंत आकडे येतात, तिला एवढं कळणार नाही? रात्री धाकटा झोपल्यावर मी ओट्याशी तिच्यासमोर फुलपात्रातलं पाणी पेल्यात ओतलं आणि विचारलं, "आता कसं झालं?" ती म्हणाली, "जास्त." तेच पाणी परत फुलपात्रात ओतलं. "आता?" "आता कमी झालं." ती अगदी सहज बोलत होती. मी मात्र ओट्याला धरून उभी राहिले. तिच्या हिशेबाने मी तिचं जास्त काढून घेतलं होतं आणि धाकट्याला दिलं होतं. वर तिला शहाणी म्हटलं होतं.

पुढे वाचनात आलं की जाँ पियाजे नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने मुलांवर नेमका हाच प्रयोग केला होता. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं पाण्याची पातळी किती उंच दिसते यावरून कमी-जास्त ठरवतात. डोळ्यांदेखत ओतून दाखवलं तरी त्यांचं मत बदलत नाही. तुम्ही पियाजे वाचला होता की नाही, मी कधी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तुमच्या मांडणीवर एकसारखे दोन पेले माझ्या मुलांसाठी वेगळे काढून ठेवलेले होते. "या वयात समजावत बसू नकोस," तुम्ही म्हणालात, "भांडी सारखी ठेव. समजायचं तेव्हा आपोआप समजेल."

त्या रात्री मी आठवून पाहिलं, दिवसातून किती वेळा मी "मोठी आहेस ना" म्हणते. खिडकीची जागा, टीव्हीचा रिमोट, शेवटचा लाडू, माझी मांडी. प्रत्येक वेळी ती मोठी होती. ती स्वतः अडीच वर्षांची होती तेव्हा मी तिला बाळ म्हणत होते. पुढे वर्षभरातच धाकटा घरात आला आणि ती एका रात्रीत मोठी झाली. तिचं वय मात्र बदललं नव्हतं.

तुमच्या बाहेरच्या खोलीत ताराबाई मोडकांचा फोटो आहे. मी बरेच दिवस तो नुसताच पाहत होते. एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही मटार सोलता सोलता सांगितलंत. ताराबाईंनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, बरोबर अनुताई वाघ होत्या. आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत येईनात, कारण प्रत्येकीच्या कडेवर धाकटं भावंड. आईबाप कामावर गेले की सांभाळणार कोण? मग १९५७ पासून कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. थोरलीची कडेवरची जबाबदारी उतरवल्याशिवाय तिची पाटी हातात येणार नाही, हे त्या दोघींनी ओळखलं होतं. एवढं सांगून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "धाकट्याची आई तू आहेस गं, ती नाही."

काकू, हे वाक्य मी अजून स्वतःला ऐकवत असते. "त्याच्याकडे जरा बघ गं" असं म्हणायला तोंड उघडतं आणि मिटतं.

तुमच्याकडची वरची फळी मला फार आवडायची. थोरल्या मुलांचे मणी, कात्री, कोड्यांचे बारीक तुकडे सगळं वर, छोट्यांचा हात पोचणार नाही असं. तीन वर्षांच्या आतली मुलं हाताला लागेल ते तोंडात घालतात, मणी घशात अडकण्याची भीती असते, हे कारण तर होतंच. पण तुम्ही ती फळी थोरल्यांची म्हणूनही राखली होतीत. तिथलं काही धाकट्याला "वाटून घे" असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तिने मनानेच खाली उतरवलं तर गोष्ट वेगळी. मी घरी तशीच एक फळी सुताराकडून ठोकून घेतली. पहिल्याच आठवड्यात तिने आपली रंगपेटी वर ठेवली आणि चौथ्या दिवशी स्वतःच खाली काढून धाकट्याला पिवळा खडू दिला. मी काहीच बोलले नव्हते.

भांडणातही "सुरुवात कोणी केली?" हे तुम्ही विचारत नसत. मला वाटायचं, मग न्याय कसा होणार? पण धाकट्याने गुपचूप काढलेला चिमटा कोणालाच दिसत नाही आणि थोरलीचा धक्का सगळ्या घराला दिसतो, हे तुमच्याकडे बघत बघतच माझ्या ध्यानात आलं. त्याच्या हातून तिची चित्रांची वही फाटली आणि तिने त्याला ढकललं, तेव्हा मी तिला चापट मारली होती. ती गोष्ट मी तुम्हाला रडत रडत सांगितली. तुम्ही मला धीर द्यायच्या आधी विचारलंत, "वही चिकटवलीस का?" नव्हती चिकटवली. त्या रात्री आम्ही दोघी पारदर्शक टेप घेऊन बसलो. फाटलेल्या पानावर घर होतं, गच्चीत चौघं उभे होते. धाकट्यालाही तिने काढलं होतं.

सगळं सारखंच करायचं असतं, असं मात्र तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, सहाच्या पुढे ९ ते १२ तास पुरते. मग धाकटा झोपल्यावर अर्धा तास थोरलीने जागं राहिलं तर ती काही त्याची फसवणूक नाही. तो अर्धा तास आमच्या घरी तिच्या मालकीचा झाला. मोठेपणाचं काम सांगायचं असेल तर मोठेपणाचा मानही द्यायचा, ही तुमची रीत. लोकलमध्ये पाचच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं तिकीट. तर तिच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे खिडकीत तीच देते आणि तिकीट तीच सांभाळते. पुढच्या महिन्यात धाकटाही पाच वर्षांचा होईल. आपलं तिकीट मिळणार म्हणून तो आत्तापासून दिवस मोजतोय.

सासूबाईंचं मन वळवायला वेळ लागला. त्या स्वतः पाच भावंडांतल्या थोरल्या. "आम्हाला कोणी विचारलं होतं?" असं एकदा म्हणाल्या आणि बराच वेळ गप्प बसल्या. आता लाडू आधी थोरलीच्या हातावर ठेवतात.

पण काकू, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ती गोष्ट वेगळीच आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्ही धाकट्याला अर्धा तास जास्त ठेवून घेतलंत. मी पैसे विचारले तर रागावलात. म्हणालात, "तिला एकटीला घेऊन कोथिंबीर आणायला जा. कोथिंबीर नको असेल तरी जा."

पहिल्या मंगळवारी आम्ही दोघी मिठागर रोडने चालत होतो. माझे दोन्ही हात मोकळे होते. तरी ती माझ्या पर्सचा पट्टा धरून चालत होती. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग उलगडलं. धाकटा झाल्यापासून माझा एक हात त्याच्यासाठी आणि दुसरा पिशवीसाठी असायचा. तिच्या वाट्याला पट्टा आला होता आणि तिने तोच आपला हात मानला होता. अडीच वर्षं. मी थांबले, पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि हात पुढे केला. तिने एकदा मागे वळून पाहिलं, धाकटा येतोय की काय म्हणून. मग हात धरला. भाजीवालीपर्यंत काही बोलली नाही. परत येताना मात्र तोंड मिटलं नाही. वर्गात तिची जागा बदलली होती, शेजारची मुलगी रबर परत देत नव्हती, बाईंनी तिचं अक्षर सगळ्यांना दाखवलं होतं. पंधरा दिवसांची साठवण होती ती. कोथिंबिरीची जुडी तिने छातीशी धरली होती आणि घरी येईपर्यंत तिच्या फ्रॉकला कोथिंबिरीचाच वास येत होता.

तो अर्धा तास तुम्ही दिलात. दिवसभर दहा मुलं सांभाळून तुमचीही पाठ दुखत असणार, तुमच्याही घरी कुकर लावायचा असणार. तरी दोन वर्षांत एकही मंगळवार चुकला नाही. याची परतफेड कशी करायची, मला माहीत नाही. मनापासून आभार मानते, काकू.

रविवारी सामान बांधायला आम्ही चौघंही येतोय. ताराबाईंचा फोटो मी जुन्या साडीत नीट गुंडाळून देईन. वरच्या फळीवरचं सगळं थोरली काढणार आहे, तिने आधीच बजावून ठेवलंय. तिचा हात आता तिथे पोचतो.

तुमचीच,
थोरलीची आणि धाकट्याची आई