बीडलॉकचे बोल्ट कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की शनिवारी पहाटे ताम्हिणी, मुळशी, भोरच्या बाजूला थार, जिमनी, गुरखा यांच्या रांगा लागतात. त्यातल्या काही गाड्यांच्या चाकांवर हल्ली बाहेरून बोल्टांची गोल माळ दिसते. हे बीडलॉक. रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण तीच गाडी सोमवारी ऑफिसला जाते आणि महिन्यातून दोनदा एक्स्प्रेसवेवर शंभरने पळते. तेव्हा या चाकांचे काय होते हे विकणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही, म्हणून हे पत्र.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. बीड म्हणजे इथे जिल्हा नव्हे. टायरची जी जाड, आत तारा असलेली कड रिमवर बसते, ती बीड. साध्या ट्यूबलेस चाकात ही कड कशानेही बांधलेली नसते. आतली हवाच तिला रिमच्या ओठाकडे रेटून धरते, आणि ती आत घसरू नये म्हणून रिमवर बारीकसा उंचवटा असतो. हवा 30 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप; हवेचे पुढचे आकडेही त्यातलेच) आहे तोवर हा कारभार उत्तम चालतो. दगडात पकड मिळावी म्हणून ती 8-10 वर उतरवली आणि चाक दगडाला टेकलेले असताना स्टिअरिंग मारले, की कड उंचवट्यावरून आत घसरते, फस्सकन हवा जाते आणि गाडी तिथेच बसते. बीडलॉक यावरचा उपाय. टायरची बाहेरची कड रिमच्या खांद्यावर ठेवायची, तिच्यावर धातूची रिंग ठेवायची आणि साधारण 24 ते 32 बोल्टांनी आवळायची. मग हवा 6 वर आली तरी बाहेरची कड सुटत नाही. आतली कड मात्र बहुतेक चाकांत हवेच्याच भरवशावर असते, हे लक्षात ठेवावे.

कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या कॉम्बॅट रिमा दोन तुकड्यांच्या, बोल्टने जोडलेल्या असत आणि हवा गेली तरी टायर जागेवर राहावा म्हणून आत पोलादी कडे असे. त्या जीपमागे पाने घेऊन उभी असलेली फौजेची वर्कशॉप असे, तेवढे मात्र आपल्याकडे नाही.

बाजारात या नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली नुसती शोभेची: बोल्टची डोकी खरी, काम शून्य. टायर साध्या चाकासारखाच बसतो. दिखावाच करायचा तर ही सगळ्यांत निरुपद्रवी. दुसरी ‘बीडलॉक-केपेबल’. फोर्डच्या 2017 च्या एफ-150 रॅप्टरला कारखान्यातून अशी चाके मिळत. रस्त्यावर टायर नेहमीसारखा बसवायचा, वर साधी रिंग ठेवायची. दगडात जायचे असेल तेव्हा आवळणारी खरी रिंग वेगळी घेऊन लावायची, आणि ती ऑफरोडपुरतीच. इतक्या मोठ्या कंपनीनेही खरी रिंग लावून गाडी शोरूमबाहेर काढली नाही, यातच बरेच काही आले. तिसरी वस्तू म्हणजे खरे बीडलॉक. चौथीची आम्हाला जास्त धास्ती वाटते: स्टीलच्या जुन्या रिमचा बाहेरचा ओठ कापून त्यावर लेझरने कापलेली रिंग वेल्डिंग करून दिलेले चाक. वेल्डरने एका दमात गोल फिरवत टाका मारला की रिम तापून पिळते. दोन-तीन मिलिमीटरची लचक डोळ्यांना दिसत नाही, ऐंशीच्या वेगाला हाताला कळते. शिवाय टाक्याच्या कडेचा, तापून गेलेला पट्टा खड्ड्यांचे हादरे खाऊन तिथेच तडकतो.

आता खऱ्या बीडलॉकची गोष्ट. साध्या चाकात हवा भरताना टायर रिमच्या उतारावर चढतो आणि आपोआप मध्यावर येतो. बीडलॉकमध्ये बाहेरची कड सपाट खांद्यावर नुसती ठेवलेली असते. ती मध्यावर आणायचे काम बसवणाऱ्याच्या हाताचे. टायर थोडा जरी एका बाजूला सरकला तरी चाक अंड्यासारखे फिरते, आणि मग बॅलन्सिंगच्या मशीनवर कितीही शिसे चिकटवा, उडी जात नाही. त्यात रिंग आणि बोल्ट मिळून प्रत्येक चाकाचे वजन काही किलोंनी वाढते, तेही मध्यापासून दूर. बाहेरच्या ओठाला क्लिपचे वजन लावता येत नाही, सगळी चिकटवजने आतल्या बाजूला. ट्रेलवरून, म्हणजे दगड-चिखलाच्या कच्च्या वाटेवरून, आल्यावर तिथे चिखल वाळून बसला की केलेले बॅलन्सिंग फुकट.

बसवण्याची रीत अशी. गाडीवरून काढलेले चाक तोंड वर करून ड्रमवर ठेवावे. रिमचा खांदा आणि रिंगची आतली बाजू तारेच्या ब्रशने साफ करावी. वाळूचा एक कण अडकला तरी तिथून हवा झिरपते. साबणाचे पाणी लावून टायर वरून खाली उतरवावा, बाहेरची कड खांद्यावर सगळीकडे सारखी बसली का ते बोट फिरवून पाहावे. मग रिंग ठेवून समोरासमोरचे चार बोल्ट हातानेच धरवावेत, नंतर बाकीचे. आवळताना आमनेसामने जात तीन-चार फेऱ्यांत थोडे थोडे आवळावे आणि शेवटच्या दोन फेऱ्या ओळीने गोल घ्याव्यात, कारण एक बोल्ट आवळला की रबर दबून शेजारचा सैल पडतो. बहुतेक चाकांना 20 ते 27 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पिळाचा जोर, लागतो. नेमका आकडा चाकाच्या कंपनीचा घ्यावा, आणि तो कोरड्या आट्यांसाठी आहे की ग्रीस लावलेल्या, हेही बघावे. ग्रीस लावून कोरड्याचा आकडा वापरला की बोल्ट गरजेपेक्षा ताणला जातो. त्यानंतरच हवा भरून आतली कड बसवावी आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत.

चुका इथेच होतात. चाकाच्या नटांना शंभराच्या वर न्यूटन-मीटर लागतात, म्हणून दुकानातला पोरगा सवयीने तीच इम्पॅक्ट गन या बारीक बोल्टांवर चालवतो. ॲल्युमिनियमचे आटे जातात, नाहीतर बोल्ट आत तुटतो. दुसरी चूक कडेच्या जाडीची. प्रत्येक टायरची बीड सारखी जाड नसते. ती जाड निघाली तर रिंग टेकायच्या आधीच बोल्ट संपतात आणि रिंग बशीसारखी वाकते. पातळ निघाली तर रिंग धातूवर टेकते आणि टायर ढिलाच राहतो. ठरलेला जोर आला की टॉर्क पाना दोन्ही वेळा ‘टक्’ करतो, म्हणून नुसत्या आवाजावर जाऊ नये, रिंगची फट सगळीकडून बघावी.

एवढे करूनही काम संपत नाही. दाबलेले रबर हळूहळू बसते आणि बोल्टांचा ताण उतरतो. पहिल्या 50-80 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासणे भाग आहे. पुढे महिन्यातून एकदा आणि प्रत्येक ट्रेलनंतर. पाच चाके गुणिले 24 म्हणजे 120 बोल्ट. सोपी युक्ती अशी की आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून रिंगवर नेलपॉलिशची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरला. कोकणातल्या गाड्यांना आणखी एक दुखणे आहे. ॲल्युमिनियमच्या रिममध्ये स्टीलचा बोल्ट, वर खारी हवा आणि लाल चिखल; दोन पावसाळ्यांत बोल्ट असा धरतो की उघडताना डोकेच हातात येते. ट्रेलवर दगडाने आणि गावात फुटपाथच्या कडेने बोल्टची डोकी घासतात, तीही बघत जावीत.

पंक्चरचा मुद्दा आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ढोबळ हिशेब केला तर 255/65 आर 18 च्या टायरमध्ये 30 हवा असताना ती रिंग बाहेर ढकलणारा जोर तीन टनांच्या आसपास जातो. सगळे बोल्ट नीट असताना प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे किलो येतात, ते तो सहज पेलतो. पण हायवेवरच्या पंक्चरवाल्याने हे चाक आयुष्यात पाहिलेले नसते. ‘आधी बोल्ट काढू’ म्हणून त्याने हवा असतानाच सुरुवात केली, तर शेवटच्या काही बोल्टांवर सगळा भार येतो आणि रिंग उडते. समोर त्याचे तोंड असते. म्हणून बीडलॉकच्या गाडीमालकाने स्वतः उभे राहून आधी व्हॉल्व्हची पिन काढून घ्यावी, फुसफुस पूर्ण थांबू द्यावी, मगच पाना लावू द्यावा. गाडीत टॉर्क पाना आणि डझनभर जादा बोल्ट नसतील तर ही चाके घालून गावाबाहेर पडू नये.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. कलम 182अ खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ‘अमेरिकेत सर्रास चालते’ हा दुकानदारांचा आवडता युक्तिवाद. तिथल्या वाहन-सुरक्षा नियम क्रमांक 110 ची अट अशी की ताशी 97 किलोमीटर वेगाला टायरमधली हवा एकदम गेली तरी गाडी थांबेपर्यंत रिमने टायर धरून ठेवला पाहिजे. बीडलॉकचे नाव घेऊन तिथे बंदी नाही, पण अनेक उत्पादक स्वतःच ‘फक्त ऑफरोडसाठी’ असे लिहून मोकळे होतात. तो कागद आपल्याकडच्या काउंटरवर दाखवला जात नाही.

आणि मुळात गरज किती जणांना आहे? गोव्यात 2014 पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेची, खास बांधलेली गाडी असेल तर बीडलॉक जरूर घ्यावे. सह्याद्रीतल्या नेहमीच्या चिखलवाटा, ओढे, कातळ यांना साध्या रिमवर 15 ते 18 हवा पुरते. वजनदार गाडीला 18, जिमनीसारख्या हलक्या गाडीला 15. एवढ्यावर कड सहसा सुटत नाही, फक्त वेग कमी ठेवावा आणि चाक अडकलेले असताना स्टिअरिंग झटक्याने मारू नये. डांबरी लागली की थांबून हवा परत 30 वर आणावी. कमी हवेवर हायवे धरला तर टायरची बाजू तापून फुटते. यासाठी हवा मोजायचे चांगले मीटर आणि 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर एवढेच लागते. दोन्ही मिळून बीडलॉकच्या एका चाकापेक्षा स्वस्त पडतात.

आपल्या वाहन पुरवणीत सजवलेल्या गाड्यांचे फोटो येतात. त्यात बीडलॉक दिसले तर ते खरे आहे, शोभेचे आहे की वेल्डिंगचे, आणि गाडी रस्त्यावर चालते की ट्रेलरवर येते, एवढे फोटोखाली छापावे ही विनंती. दुकानदारांनीही बिलासोबत टॉर्कचा आकडा, बोल्टची मापे आणि ‘उघडण्याआधी हवा पूर्ण काढा’ अशी मराठी-हिंदी चिकटपट्टी रिमवर लावून द्यावी. शाईचा खर्च दहा रुपयेही नाही.

आपले,
ऑफरोड गाड्यांचे काम करणारे दोन वाचक, पुणे