पहिल्या उड्डाणपाठाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

जळगाव विमानतळावर आपण मला विमान चालवण्याचा पहिला पाठ दिलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, सावदा-फैजपूर परिसरातील पालक मला हमखास विचारतात, "पहिल्या दिवशी नुसते बसवून फिरवून आणत असतील ना?" आपण मला फिरवून आणले नाही, शिकवले, माझे आभार नेमके त्यासाठी आहेत.

पाठाचा बराच वेळ जमिनीवरच गेला. सेस्ना 152 हे दोन आसनांचे विमान. त्याचे इंजिन 110 अश्वशक्तीचे, म्हणजे आमच्या केळीच्या मळ्यातील दोन ट्रॅक्टरांच्या जोराएवढे, आणि माणसे व इंधन धरून त्याचे एकूण वजन सुमारे 757 किलोच्या पुढे जाता कामा नये. म्हणून आपण सर्वप्रथम माझे वजन विचारलेत. (दुसऱ्या कोणी विचारले असते तर मी दोन-तीन किलो कमीच सांगितले असते.) त्यानंतर पंखाखालच्या झडपेतून थोडे पेट्रोल पारदर्शक नळीत काढून ती आपण उजेडाकडे धरलीत. टाकी अर्धवट रिकामी राहिली, तर रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते, ते पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी वेगळे दिसते आणि इंजिनापर्यंत पोहोचले तर ते ऐन उड्डाणात बंद पडू शकते, हे आपण समजावलेत. दुसऱ्या पंखाखालचा नमुना मला काढायला लावलात. तो निळा आणि स्वच्छ निघाला, तरी "काय पाहिलेस?" याचे उत्तर माझ्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय आपण पुढे सरकला नाहीत.

धावपट्टीकडे जाताना विमान वळते ते पायांनी, हातातल्या चाकाने नव्हे, हे माझ्या हातांना लवकर पटेना. आपण मला ते हात चक्क मांडीवर ठेवायला सांगितलेत. उड्डाणासाठी पूर्ण शक्ती दिली की विमानाचे नाक डावीकडे जाऊ पाहते; पंख्याने मागे फेकलेली हवा विमानाभोवती पीळ घेत शेपटीच्या उभ्या पात्यावर एका बाजूने आदळते, हे त्याचे एक कारण. हे कारण आपण आधीच सांगून ठेवल्यामुळे "उजवा पाय!" ही आपली सूचना मला ओरडल्यासारखी वाटली नाही.

पण सर्वांत मोठे ऋण आहे ते वर गेल्यावरचे. "यू हॅव कंट्रोल" असे आपण म्हणालात आणि मी "आय हॅव कंट्रोल" असे स्पष्ट उत्तर देईपर्यंत आपले हात चाकावरून हलले नाहीत. उत्तर मिळताच ते खरोखरच दूर झाले. विमान कोणाच्या हाती आहे याबद्दल क्षणभरही संशय राहू नये, म्हणून दोघांनी हे मोठ्याने म्हणायचे असते. चाक पुढे-मागे केले की नाक खाली-वर होते, डावी-उजवीकडे फिरवले की पंख कलतात, आणि पायांनी नाक बाजूला वळते, हे तिन्ही परिणाम आपण एकेकदाच करून दाखवलेत. बाकी सारे माझ्याकडून करून घेतलेत. मी तबकड्यांकडेच टक लावून बसले, तेव्हा आपण त्यांच्यावर तपासणी-यादीचा पुठ्ठा आडवा धरलात आणि बाहेर, क्षितिजाकडे पाहायला सांगितलेत. उत्तरेला सातपुड्याची रांग धूसर दिसत होती. ते दृश्य सुंदर होते, हे निराळे सांगायला नको. पण आपण मला त्यात रमू दिले नाही, हे बरेच झाले.

परतताना नांगरलेल्या काळ्या रानांवर विमान उसळू लागले, तेव्हा मी प्रत्येक धक्क्याशी झगडत होते. काळी जमीन उन्हाने लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते, हिरव्यागार केळीबागांवर आणि तापीच्या पात्रावर ती मानाने शांत असते, असे आपण इतक्या सहजपणे सांगितलेत की भीती जाऊन तिथे कुतूहल आले. खानदेशातले ऊन मी जन्मापासून सोसत आले आहे, परंतु सकाळचे पाठ इतक्या लवकर का ठेवतात, हे मला त्या दिवशी कळले. हात सैल ठेव, नाक क्षितिजाशी जुळव, बाकीचे विमान स्वतःच सावरते, हा आपला सल्ला मी वहीत लिहून ठेवला आहे. उतरण्याचे काम आपण स्वतःकडे घेतलेत आणि माझे हात-पाय नियंत्रकांवर हलके ठेवायला लावलेत, त्यामुळे तेही काही अंशी शिकता आले.

माझ्या आजीच्या मनात एकच शंका होती, मुलींना हे जमते का. सरला ठकराल यांनी 1936 मध्येच वैमानिकाचा परवाना मिळवला होता, ही गोष्ट आपण तिला फोनवरून आवर्जून सांगितलीत; आता ती शेजारणींना तेच ऐकवते. ज्या पालकांना प्रश्न आहेत त्यांच्यासाठी एवढेच लिहिते की, विद्यार्थी वैमानिकाचा परवाना वयाच्या 16 व्या वर्षापासून मिळतो, व्यावसायिक परवान्यासाठी 18 वर्षे वय आणि किमान 200 तासांचे उड्डाण लागते, शिवाय वैद्यकीय तपासणी असतेच. खर्च मोठा आहे. तो लपवण्यात अर्थ नाही, आणि आपणही तो आमच्यापासून लपवला नाहीत, याबद्दल वडिलांनी आपले वेगळे आभार मानायला सांगितले आहेत.

आपली विद्यार्थिनी,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव