लोणारच्या गाळातले पावसाळे

पुणे,
२२ जून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र लिहायला बसलेय, कारण रविवारी बाबा जे म्हणाले त्याला माझ्याकडून नीट उत्तर गेलं नाही. बाबा, तुम्ही म्हणालात, "बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय आम्ही. त्याहून वाईट काय येणार? बोअरने अजून दोनशे फूट खाली गेलो की पाणी लागतंच." मी नुसतं हं हं केलं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. जे काम मी दिवसभर करते त्यातच तुमच्या बोलण्याचं उत्तर आहे, आणि ते काम नेमकं काय हे मी तुम्हाला कधी बसून सांगितलंच नाही.

शेजारच्या काकूंना आई सांगते, "ती पुण्याला माती तपासते." आई, ते खरंच आहे. फक्त शेतातल्या मातीत नत्र किती, स्फुरद किती, असं ते तपासणं नाही. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ बसत जातो, जुना खाली आणि नवा वर. लांब नळी सरळ खाली दाबून तो गाळ न मोडता बाहेर काढायचा, नळी उभी चिरायची आणि वरून खाली थर वाचत जायचे. नळी उघडली की आधी वास येतो, विहीर उपसताना येतो तसा, सडक्या अंड्यांचा. आतला गाळ काळाकुट्ट असतो आणि हवा लागली की आपल्या डोळ्यांदेखत तपकिरी व्हायला लागतो. म्हणून आधी फोटो, मग बाकीचं.

त्यातला चमचाभर गाळ मी घेते. एका आम्लाने चुना जातो. वाळू विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं. ते काच खातं, म्हणून त्या कामाला सगळी भांडी प्लास्टिकची. (आई, हातमोजे, एप्रन, वाफा ओढून घेणारं कपाट, सगळं आहे. काळजी करू नकोस.) इतकं करूनही जे टिकतं ते म्हणजे फुलांचे परागकण. त्यांचं कवच फार चिवट असतं. हवा न लागणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षं शाबूत राहतं.

मागच्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाखाली एक गोळा दिसला. सोळा कण एकमेकांना घट्ट चिकटलेले. क्षणभर कळलंच नाही, मग ओळख पटली: बाभूळ! बाभळीचे परागकण असे गठ्ठ्यानेच असतात. गठ्ठा जड, वाऱ्यावर लांब जात नाही. म्हणजे ते झाड तळ्याच्या अगदी काठावर उभं असणार. आपल्या बांधावरची बाभूळ फुलली की अंगणभर पिवळा सडा पडायचा आणि आई रोज झाडत बसायची, ते आठवलं. कितीतरी वेळ मी ती काचपट्टी बदललीच नाही.

गवताचा कण वेगळा, गुळगुळीत चेंडू आणि त्याला एकच भोक. लव्हाळ्याचे कण वाढले की काठ ओला होता असं समजायचं. राजगिरा, माठ, चाकवत यांच्या कुळातले कण वाढले की बहुतेक जमीन कोरडी, खारवट किंवा माणसाने मोडलेली. एकट्या कणावरून काहीच ठरवायचं नाही. शेकडो मोजायचे, मग बोलायचं.

आता लोणारचं. नवरात्रात कमळजादेवीला उतरून जायचो, बाबा मला खांद्यावर घ्यायचे, ते आपलं तळं. २००८ साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी त्याच तळ्यातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळ काढला. त्यात सुमारे ११,००० वर्षं आहेत. म्हणजे सरासरी वर्षाला मिलिमीटरभरही नाही. वय काढायला गाळात अडकलेल्या पाना-काटक्यांचा उपयोग होतो. जिवंतपणी झाडात आलेला किरणोत्सारी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो, तो किती उरला त्यावरून हिशेब करतात.

लोणार या कामाला फार चांगलं, कारण तिथे पाणी येतं ते पावसाचं आणि धारेसारख्या झऱ्यांचं, पण बाहेर जायला ओढा नाही. गेलं तर वाफ होऊनच जातं. म्हणून पाऊस कमी झाला की तळं आटतं आणि खारट होत जातं. फार खारट झालं की पाण्यातून गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात आणि गाळात बसतात. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा बाबांनी मला फोटो पाठवला होता. इथल्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासलं, तर रंग हॅलोआर्किया या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. पाणी घटलं, मीठ वाढलं, म्हणून ते माजले.

त्या १० मीटर गाळात ते गेलुसाइटचे स्फटिक मुख्यतः दोन ठिकाणी सापडले. एक काळ सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. बाबा, हे आकडे पुन्हा एकदा वाचा. पहिला कोरडा काळ सातशे वर्षांचा. दुसरा चौदाशे! त्यात प्रत्येक वर्षी दुष्काळच होता असं नाही. लोक राहत होते, पिकवत होते, लोणारचं दैत्यसुदनाचं देऊळही त्याच दुसऱ्या काळात उभं राहिलं. पण पावसाची एकूण पातळीच खाली बसली होती, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वर आली नाही.

बहात्तरचं तुम्ही सांगायचात. खडी फोडायला जायचात, सुकडी मिळायची, लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरायची नाही. ते मी कधी हलक्यात घेतलं नाही, घेणारही नाही. पण बहात्तर हे आपल्या आठवणीतलं टोक आहे, पावसाचं नव्हे. आमच्या पुण्यात हवामान खात्याचं सिमला ऑफिस आहे, आकड्यांनी भरलेलं. पण देशभराच्या पावसाची मापलेली नोंद जेमतेम दीडशे वर्षांची. त्याच्या मागचं विचारायचं तर चिखलाला नाहीतर दगडाला विचारावं लागतं.

दगडाचीही एक गोष्ट सांगते. दादा रोज बसने वरळीवरून जातो ना, तिथल्या टेकडीतल्या दगडात बेडूक सापडले आहेत, बोटाच्या पेराएवढे. त्यांचं शास्त्रीय वर्णन १८४७ साली झालं. आपला काळा पत्थर ज्या लाव्हाचा झाला, त्याच्या दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात तिथे गोड्या पाण्याची तळी साचली होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. दादाला सांगा, खिडकीतून बघत जा म्हणावं.

गेल्या महिन्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेले होते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी तिथे आधी ऐसपैस चौकोनी घरांत राहत होते, पाण्यासाठी त्यांनी पाट काढला होता. इ. स. पू. १००० नंतर तिथे लहान गोल झोपड्या दिसायला लागतात, शेती खालावते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांवर भर येतो. इ. स. पू. ७०० च्या सुमाराला गावच उठतं. कारण पाऊसमान घटलं असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचं मत होतं. आता गंमत अशी की लोणारच्या गाळातले ठळक कोरडे काळ याच्या आधीचे आणि नंतरचे आहेत. दोन्ही पुरावे ओढूनताणून एकमेकांवर बसवू नयेत असं मला वाटतं. पण इनामगावच्या बायांनी धान्याच्या कणग्या कशा एकेक करून रिकाम्या होताना पाहिल्या असतील, हे त्या काचेच्या कपाटासमोर उभी असताना मनातून गेलं नाही.

तुम्ही विचाराल, दुष्काळ पूर्वीही आलेच, मग आता वेगळं काय? ११,००० वर्षांपूर्वी आपला पाऊस वाढला होता, कारण तेव्हा पृथ्वी आपल्या उन्हाळ्यात सूर्याला सर्वांत जवळ असायची. आता ती जानेवारीत असते. तेव्हा जमीन जास्त तापायची, समुद्रावरून वारे जोरात यायचे. तो बदल हजारो वर्षं सावकाश झाला, त्यात कुणाचा हात नव्हता. आता कार्बन डायऑक्साइडचं पाहा. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे आठ लाख वर्षांचे आहेत. त्यात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ३०० भागांच्या वर कधी गेला नाही. आज तो ४२० च्या वर आहे आणि बहुतेक वाढ माझ्या आजोबांच्या जन्मानंतरची. म्हणून जुन्या गाळात पाहून 'पुढे असंच होईल' असं मी कुणाला सांगत नाही. पाऊस स्वतःहून किती बदलू शकतो, एवढंच तो दाखवतो, आणि ते बहात्तरपेक्षा खूप जास्त आहे.

म्हणून बाबा, बोअरचं थांबवा. कर्ज काढून अजून दोनशे फूट जाण्याआधी मला येऊ द्या, आपण वरच्या बांधाजवळ शेततळ्याची जागा पाहू. निर्णय तुमचाच राहील. मी फक्त त्या वेळी सोबत असेन.

आणि तुम्हा दोघांकडून मला मदत हवी आहे. बाबा, तुम्ही कालनिर्णयाच्या मागच्या पानांवर पाऊस लिहिता ना, मृग कोरडा, आर्द्रात दोन दिवस, हस्ताने झोडपलं, ती कॅलेंडरं रद्दीत देऊ नका. गाळातल्या एका पातळ थरात दहा-वीस वर्षं एकत्र होतात. पेरणीनंतर किती दिवस खंड पडला हे त्यात कधीच दिसत नाही, तुमच्या पानांवर दिसतं.

आई, तुझं काम जास्त मोठं आहे. गाळातला कण ओळखायला आजच्या फुलाचा कण शेजारी ठेवावा लागतो. आमच्याकडच्या संचात आपल्या भागातलं तण फार कमी आहे. कुर्डू, आघाडा, एकदांडी, लव्हाळा, बांधावरचा रानमाठ, तुला जे जे फुललेलं दिसेल त्याची चार-पाच फुलं वर्तमानपत्राच्या पुडीत घाल. प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते. एका पुडीत एकच झाड. पुडीवर पेन्सिलीने आपल्याकडचं नाव, जागा आणि तारीख लिही, पेनाची शाई ओलीने पसरते. नाव माहीत नसेल तर कुठे उगवतं ते लिही, ओलीत की माळावर.

पुड्या साठल्या की मेहकरहून एसटीच्या पार्सलने पाठवा, मी स्वारगेटहून घेईन. गुडघ्याचं तेल कालच पाठवलंय, कोमट करून लाव.

तुमची,
मनू