बाग आमची, कोपरा मुलांचा

महोदय,

मुंबईच्या उपनगरांत बागेचे नूतनीकरण झाले की फाटकावर मोठा फलक लागतो आणि त्यावर पुढाऱ्यांच्या फोटोंखाली 'बालगोपाळांसाठी' असे काहीतरी लिहिलेले असते. आत शिरावे तर आधी चालण्याचा ट्रॅक, मग ओपन जिम, मग योगासनांचा ओटा, मग ज्येष्ठ नागरिक कट्टा. हे सगळे बसवून उरलेल्या कोपऱ्यात एक घसरगुंडी आणि दोन झोके, त्यातल्या एकाची साखळी तुटलेली. मी स्वतः 68 वर्षांची आहे, ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी वेळेवर भरते, म्हणून कुणी रागावणार नाही या आशेवर लिहिते: उपनगरातल्या बागा आम्ही म्हाताऱ्यांनी बळकावल्या आहेत. आम्ही मतदान करतो, अर्ज करतो, नगरसेवकाला वाटेत गाठतो. चार वर्षांचे पोर यातले काय करणार?

मी बोरिवली पश्चिमेला बाभईत राहते. निवृत्त होईपर्यंत बालवाडीत शिकवले. आता मुलगा-सून कामावर गेले की साडेतीन वर्षांचा नातू आणि आठ वर्षांची नात माझ्या ताब्यात. "तुम्हाला काय, नॅशनल पार्क आहे!" असे लोक म्हणतात. आहे, आणि ते आमचे भाग्यच. पण ते पूर्वेला. रिक्षा करा, तिकीट काढा, सोमवारी बंद, आणि उन्हे उतरून मुले खेळायला लागावीत तर निघायची वेळ. रविवारी जंगल बघायला जावे, रोजच्या खेळाला ते कामाचे नाही. रोजची जागा पायी दहा मिनिटांत यावी. माझ्या पायांनी नव्हे, नातवाच्या.

नवीन बागेत गेले की मी खेळणी नंतर बघते, आधी खालची जमीन बघते. बालवाडीची सवय. आमच्या भागात जंगलजिमच्या खाली पेव्हर ब्लॉक घातलेले मी पाहिले आहेत. कुणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली असेल? दुसरीकडे हिरवळ होती, ती घसरगुंडीच्या तोंडाशी झिजून खाली कडक मुरूम उघडा पडला आहे. रबरी लाद्या दिसायला छान, पण एका पावसाळ्यात कडा उचलल्या जातात, खाली पाणी साचते आणि धावणाऱ्या मुलाचा अंगठा नेमका तिथे अडकतो. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत चार फुटांवरून पडणाऱ्या मुलासाठी नऊ इंच वाळू सांगितली आहे. गवत आणि नुसती माती ते संरक्षण म्हणून धरतच नाहीत. नऊ इंच म्हणजे आपली वीत. घसरगुंडीखाली वीतभर वाळू, एवढेच मागणे आहे.

वाळूचा दुसरा उपयोग तर त्याहून मोठा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पाड्यावरच्या मुलांसाठी बालवाडी उभी केली ती आसपास जे मिळेल त्यावर, महागड्या साधनांवाचून. आम्ही त्याच वळणावर शिकलो. घसरगुंडीवर मूल चारदा घसरते, मग रांग, मग ढकलाढकली, मग रडारड. तेच मूल वाळूच्या हौदात एक करवंटी घेऊन तासभर बसते. खणते, ओतते, शेजारच्याशी भांडते आणि लगेच त्याच्याच बोगद्यात हात घालते. कुत्री-मांजरे घाण करतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खरा आहे. आमच्या सेविकाबाई शाळा सुटली की हौदावर ताडपत्री ओढायच्या आणि सकाळी पंजाने वाळू उकरून चाळून घ्यायच्या. पाव तासाचे काम. बागेत माळी असतो, रखवालदार असतो. त्यांना कुणी सांगितले तर ते करतीलही.

आता सावलीचे बघा. आमच्या जवळच्या बागेत एक जुना पर्जन्यवृक्ष आहे, अर्ध्या बागेवर पसरलेला. त्याच्याखाली काय आहे? ओपन जिम. घसरगुंडी आहे भर उन्हात, स्टीलची, पश्चिमेला तोंड करून. एप्रिलमध्ये साडेचार वाजता नात वर चढली, बसली आणि किंचाळत उभी राहिली. मांडीचा मागचा भाग लालबुंद. ओपन जिमवर व्यायाम सकाळी सातला होतो, तेव्हा ऊन कुठे असते? संध्याकाळी त्या यंत्रांवर मोठी माणसे फोन बघत बसलेली असतात आणि लहान मुले 'मुलांनी वापरू नये' या पाटीखाली तीच यंत्रे हलवत असतात. बोटे सापडतात, दुसरे काय होणार. बाकांचे तर विचारूच नका. सगळे ट्रॅककडे तोंड करून आणि खेळणाऱ्या मुलांकडे पाठ करून. मान वळवून वळवून नातू दिसतो का ते बघायचे.

नातीची तऱ्हा वेगळी. तिला धावायला हवे, चेंडू हवा. हिरवळीवर पाटी: 'चेंडू खेळण्यास सक्त मनाई.' ट्रॅकवर धावली तर माझ्याच वयाचे गृहस्थ "ए, बाजूला हो" म्हणून हाकलतात. मैदानात न्यावे तर तिथे एकात एक घुसलेली क्रिकेटची तीन पिचेस आणि त्यात एका बाजूला सीझन बॉल. एरवी मांडव असतो, आणि मांडव गेला की बांबूंचे खड्डे. टर्फवर तासाचे पैसे. मुलगे कसेही करून जागा मिळवतात, मुली दहा-अकराव्या वर्षी मैदानातून दिसेनाशा होतात. बालवाडीतल्या माझ्या कितीतरी धावऱ्या मुलींचे हेच झाले.

सोसायट्यांतली जागा कुठे गेली तेही लिहिते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांनुसार 1000 चौरस मीटरच्या वरच्या भूखंडावर आकारमानाप्रमाणे 15 ते 25 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. ही किमान जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर नको, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये तेव्हाच्या नियमांवरून सांगितले होते. आमच्या सोसायटीच्या मंजूर नकाशात ती हिरवी रेघारेघांची जागा आहे. प्रत्यक्षात तिथे गाड्या उभ्या असतात. तक्रार कोण करणार? गाड्या सभासदांच्याच.

उपाय खर्चाचे नाहीत. झाडाखालची जागा सहा वर्षांच्या आतल्या मुलांना द्या आणि जिम उन्हात हलवा, सकाळी तिथे ऊन नसते. बाक उलटे फिरवा. संध्याकाळी पाच ते सात हिरवळीवर मऊ चेंडूला परवानगी द्या. मे महिन्यात बाग दुपारी चारपर्यंत कुलपात ठेवू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान हवे असे लिहिले आहे. निदान पालिकेच्या शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर एक रखवालदार ठेवून परिसरातल्या मुलांना उघडी करता येतील. पावसाळा संपला की बागांच्या दुरुस्तीच्या निविदा निघतात. यंदा त्या काढण्याआधी संबंधित अभियंत्यांनी एका संध्याकाळी तीन-चार वर्षांचे मूल बरोबर घेऊन तासभर बागेत थांबावे. घरचे नसेल तर माझा नातू देते.

— एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, बोरिवली (पश्चिम)