सिम्युलेशनमधील इन्व्हर्टर का सुरू होत नाही?

महोदय,

सोलापुरातील तंत्रशिक्षणाचे विद्यार्थी 12 व्होल्ट बॅटरीवरील दोन ट्रान्झिस्टरांचा इन्व्हर्टर आधी संगणकावर चालवून पाहतात, हे चांगलेच. पण अशा सिम्युलेशनमध्ये (संगणकावरील नकली सर्किटमध्ये) दोन्ही बाजूंचे रेझिस्टर, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे असल्याने दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच वेळी वाहू लागतात, दोलन (म्हणजे दोघांचे आलटून पालटून चालू-बंद होणे) सुरूच होत नाही आणि मुले बरोबर असलेली जोडणी पुन्हा पुन्हा मोडत बसतात. प्रत्यक्ष सुट्या भागांत थोडाफार फरक असतोच, म्हणून टेबलावर तेच सर्किट बहुधा बिनबोभाट चालते. अशा वेळी एका कपॅसिटरला प्रारंभिक व्होल्टेज द्यावे किंवा एक रेझिस्टर किंचित बदलावा. शिवाय इन्व्हर्टरच्या 50 हर्ट्झ विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते, तेव्हा सिम्युलेशनचा कालावधी त्याहून बराच मोठा ठेवावा. प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेत एवढे छापायला हरकत नसावी.

– एक निवृत्त निदेशक, सोलापूर